२,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे: आडतीवर अडकलेला आकडा आणि त्यातली मूळ संख्या

प्रकरण लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं आहे, दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. सोयाबीनचा सीझन, रोज माल उतरायलाय, काटा होतोय, पट्ट्या निघताहेत, आणि कॉम्प्युटरवरच्या 'सीझन एकूण' या रकान्यात आकडा येऊन थांबला तो थांबलाच. २,१४,७४,८३६.४७. दुसऱ्या दिवशी तोच, तिसऱ्या दिवशी तोच. रोजची बेरीज बरोबर, शेतकऱ्याची पट्टी बरोबर, हमाली तोलाई सगळं पैशापर्यंत बरोबर, फक्त सीझनचं एकूण काही केल्या हलंना.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो आणि ओळखीपाळखीत कॉम्प्युटरचं काय बिघडलं की बघून देतो, म्हणून मला बोलावणं आलं. गेलो तर तीन माणसं आणि तीन मतं. शेठचं म्हणणं, "सर, कुणीतरी कुलूप घातलंय बघा, आता पैसे मागतील." मुनीमकाकांचं म्हणणं, मशीनवर भरवसा ठेवूच नये, माझ्या वहीत २ कोटी ३१ लाखाच्या वर गेलंय आणि माझी वही खरी. आणि काकांचा पुतण्या, बारावीचं पोरगं, लातूर पॅटर्नमध्ये पिळून निघालेलं, त्याने पॉइंट काढून तो आकडा मोबाईलवर टाकला होता आणि त्याला एक रील सापडली होती. त्याचं म्हणणं, "सर, २१४७४८३६४७ ही प्राईम आहे. कॉम्प्युटरची सिक्रेट प्राईम. म्हणूनच तिथं अडकतंय."

म्हणजे प्रश्न तीन झाले. आकडा का अडकला, ही संख्या खरंच मूळ आहे का, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का. पहिला प्रश्न अर्ध्या तासात मिटला. दुसऱ्याने मात्र आठवडा खाल्ला, आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसलोय ते त्या दुसऱ्यासाठीच.

पहिलं उरकून टाकतो. प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्याने रक्कम रुपयात न ठेवता पैशात ठेवलेली, पूर्णांक म्हणून, आणि ते चांगलंच केलं, दशांशाच्या गोलाईत पैसे गळत नाहीत. पण एकूणचा रकाना ठेवला ३२ बिटचा, बिट म्हणजे ० किंवा १ बसणारी एक जागा. त्यातला एक बिट अधिक-उण्यासाठी जातो, उरले ३१. एकतीस जागा, प्रत्येकीत १ भरला की सगळ्यात मोठी संख्या २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २१४७४८३६४७. तेवढे पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. भाव साडेचार हजार धरला तर पावणेपाच हजार क्विंटलाच्या जरा पुढे हा आकडा गाठला जातो, बऱ्यापैकी आडतीला काही जड नाही. बऱ्याच ठिकाणी अशा वेळी आकडा एकदम उणे होतो, ते निदान डोळ्यात तरी भरतं. इथला डेटाबेस जुना, तो मर्यादेबाहेरची रक्कम आली की गुपचूप मर्यादाच लिहून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्यात नवी खरेदी मिळवायचा आणि परत मर्यादाच लिहायचा. रकाना ६४ बिटचा केला, सगळ्या पट्ट्यांवरून एकूण परत काढलं, ते काकांच्या वहीशी पैशाला पैसा जुळलं. काका काही बोलले नाहीत, फक्त वही बंद केली.

हीच मर्यादा बाकीच्या जगालाही नडलेली आहे. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवर 'गंगनम स्टाईल'चा व्ह्यू काउंट याच आकड्यापुढे गेला आणि त्यांना मोजणीचा रकाना मोठा करावा लागला. आणि जी जुनी मशीनं १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटात मोजतात त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं.

आता पोराची प्राईम. आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो कारण ते लहान आहे: मर्यादेचा आणि मूळ असण्याचा संबंध नाही. मर्यादा ठरते ती जागा किती यावरून. ८ बिटला मर्यादा १२७, ती मूळ. १६ बिटला ३२७६७, ती ७ × ३१ × १५१. ३२ बिटला २१४७४८३६४७, मूळ. ६४ बिटला ९२२३३७२०३६८५४७७५८०७, हिला सातानेच भाग जातो, तेही दोनदा. सातने भाग जातो हे भागाकार न करता दिसतं. ती संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ६३ एकं ओळीने उभे. तीन-तीनचे गट पाडा, २१ गट होतात, प्रत्येक गट १११ म्हणजे सात. आपल्या नेहमीच्या आकड्यांत ११११११ ला १११ ने भाग जातो ना, तेच. म्हणून घात संयुक्त असला की संख्या संयुक्त होणारच. ३१ चे असे समान गट पडत नाहीत, एवढाच तिला फायदा.

पण गट पडत नाहीत म्हणून मूळ झाली असंही नाही, आणि रीलवाले नेमके इथे गंडवतात. ११ चेही गट पडत नाहीत, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९. कॅटाल्डी नावाच्या इटालियन गणितीने १५८८ च्या सुमारास २ चा १७ वा आणि १९ वा घात वजा १ नीट तपासून मूळ ठरवले, १३१०७१ आणि ५२४२८७, आणि मग जोशात येऊन २३, २९, ३१, ३७ पण मूळच देतात असं सांगून मोकळा झाला. त्यातलं फक्त ३१ बरोबर निघालं. १६४० मध्ये फर्माने २३ वाल्याला ४७ ने आणि ३७ वाल्याला २२३ ने फोडलं, पुढे ऑयलरने २९ वाल्याला २३३ ने. ज्याच्या नावाने या सगळ्या संख्या ओळखल्या जातात त्या मर्सेनने १६४४ मध्ये यादी दिली त्यातही ६७ आणि २५७ चुकीचे होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेलेले. तेव्हा ३१ बद्दल कुणाचंही मत धरून चालत नाही, तपासावंच लागतं.

तपासायचं कसं? पोरगं म्हणालं गूगल सांगतंय की. मी म्हणलं गूगल बाजूला ठेव, परीक्षेत विचारलं तर काय करशील. तो म्हणाला वर्गमुळापर्यंत भागून बघीन. बरोबर आहे, वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे येतं, आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत ४७९२. हाताने ४७९२ भागाकार, तेही दहा आकडी संख्येचे. नीटची तयारी सोडून कुणी करत नाही ते.

इथे जी युक्ती आहे ती मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडते, आणि ती शाळेतल्या गणिताबाहेरची नाही. आधी २०४७ घ्या. तिला २३ ने भाग जातो. आता १ पासून सुरू करा, दुप्पट करत जा, २३ च्या वर गेलं की २३ वजा करा: १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, आणि पुढे २४ वजा २३, परत १. अकरा पावलांत फेरा पूर्ण. अकराच का, तर २ चा ११ वा घात २०४७ पेक्षा एकाने जास्त आणि २०४७ ला २३ ने भाग जातो, म्हणजे बाकी १ उरणारच. आता या फेऱ्यात न आलेली संख्या घ्या, ५: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, परत ५. हाही फेरा अकराचाच. झालं, १ ते २२ सगळ्या बाक्या संपल्या, दोन फेरे, प्रत्येकी अकरा. म्हणजे २२ ला ११ ने भाग जावाच लागतो, त्याशिवाय फेरे पुरे बसत नाहीत.

हेच ३१ ला लावा. २१४७४८३६४७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल तर त्या संख्येच्या बाक्या ३१-३१ च्या फेऱ्यांत वाटल्या जाणार (३१ स्वतः मूळ आहे म्हणून त्याहून लहान फेरा पडत नाही), म्हणजे त्या संख्येतून १ वजा केला की ३१ ने भाग जायला पाहिजे. ती विषम आहे म्हणून २ नेही. थोडक्यात भाजक ६२ च्या पटीपेक्षा एकाने जास्त. बाकी सगळे भाजक न तपासता बाद! ३ नाही, ७ नाही, ११ नाही, कशाला नाही. ४७९२ वरून आपण ७४७ उमेदवारांवर आलो, आणि तेही मूळ आहेत की नाही हे न बघता.

अजून एक चाळणी आहे. २ चा ३१ वा घात बाकी १ देतो तर ३२ वा घात बाकी २ देणार, आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे भाजकाच्या हिशोबात २ हा एक वर्ग ठरतो, आणि असं फक्त त्याच मूळ संख्यांत होतं ज्यांना ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ उरते. ही अट आधीच्या अटीत मिसळली की उमेदवार राहतात दोनच प्रकारचे, २४८ च्या पटीत १ मिळवलेले किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवलेले. ४६३४० पर्यंत असे ३७२. त्यातलेही २४९, ४९७, ५५९ असले संयुक्त काढून टाकले तर ऐंशीच्या आसपासच उरतात.

ऑयलरने नेमकं हेच केलं. १७७२ च्या एका पत्रात त्याने बर्नुली नावाच्या गणितीला कळवलं की २ चा ३१ वा घात वजा १ मूळ आहे. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता आणि डोळे जवळपास गेलेले, लिहून घ्यायला माणसं असायची. पुढे १८६७ पर्यंत हीच माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या राहिली, पंच्याण्णव वर्षं. आपल्याकडे चार सेकंदात मोबाईल सांगतो म्हणून त्याचं वजन कळत नाही.

पोराला मी म्हणलं, तूच कर. दुकान बंद झाल्यावर त्याने त्याच कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये ३७२ ओळी घातल्या, एका रकान्यात भाजक, शेजारी बाकी. पहिले दोन-तीन मात्र हाताने कर म्हणून मीच हट्ट धरला. ३११ ने भागलं, बाकी ३५. १३०३ ने, बाकी २२६. १४८९ ने, बाकी १९९. पुढचं एक्सेलने. बाकीच्या रकान्यात शून्य कुठेच नाही. त्याने फिल्टर लावून परत बघितलं, मग मला मेसेज केला, "सर प्राईमच आहे, मी स्वतः बघितलं." हे 'स्वतः बघितलं' महत्त्वाचं वाटलं मला, कारण चार दिवसांपूर्वी हेच वाक्य तो रीलच्या भरवशावर बोलत होता.

याहून छोटी तपासणीही आहे, ल्युकास आणि लेहमर यांची, फक्त मर्सेन प्रकारच्या संख्यांना चालणारी. ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या, परत तेच. घातापेक्षा दोन कमी पावलांत शून्य आलं तर मूळ, नाही तर नाही. घात ५ ला करून बघा, संख्या ३१: ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६४ वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. तीन पावलं. आपल्या संख्येला २९ पावलं लागतात. आजही मोठ्या मूळ संख्या याच घराण्यातल्या सापडतात त्या या सोयीमुळे. २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, तिला ४ कोटी १० लाखांवर अंक आहेत.

मुनीमकाका इतका वेळ नुसतं ऐकत होते. त्यांना मी विचारलं, काका, लांब बेरजेचा ताळा कसा बघता? ते म्हणाले नवाचा, अंक मिळवत जायचे, नऊ झाले की सोडून द्यायचे. बस, हेच. नऊ म्हणजे दहा वजा एक, म्हणून दहाच्या आकड्यांत नवाची बाकी काढायला भागाकार लागत नाही, नुसते अंक मिळवायचे. आपली संख्या २ चा ३१ वा घात वजा १ आहे, म्हणून बायनरीत तिची बाकी काढायलाही भागाकार लागत नाही, कितीही लांब संख्या असू द्या, उजवीकडून ३१-३१ अंकांचे तुकडे पाडा आणि मिळवा. काका म्हणाले, "मंजे मशीन बी ताळाच बघतंय की." तसंच म्हणा. आणि या ताळ्यात दुप्पट करणं म्हणजे डावीकडचा अंक उचलून उजवीकडे ठेवणं, ३१ वेळा ठेवला की संख्या जिथल्या तिथे. वरचा ३१ चा फेरा हाच, डोळ्यांना दिसणारा.

ही सोय आणि मूळपणा एकत्र असणं दुर्मिळ आहे, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी ती वापरलीही. यादृच्छिक संख्या काढण्यासाठी १९६९ मध्ये आयबीएमच्या ३६० मशीनांसाठी एक कृती आली, पुढे १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ती किमान दर्जा म्हणून सुचवली: संख्येला १६८०७ ने गुणा आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्या. १ पासून निघालं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, दिसायला काही धड क्रम नाही. २ ने गुणत गेलं तर ३१ पावलांत घरी येतो, असे ६ कोटी ९२ लाखांवर वेगवेगळे फेरे पडतात. १६८०७ ने मात्र एकच फेरा पडतो, १ पासून २१४७४८३६४६ पर्यंत प्रत्येक संख्येला एकदा शिवून मगच परत येतो. १६८०७ म्हणजे ७ चा ५ वा घात, आणि ७ ने असा अख्खा फेरा पडतो. संख्या संयुक्त असती तर सगळ्यांना शिवणारा फेरा कुठल्याच गुणकाने मिळाला नसता. तेव्हा मूळ असण्याचा कॉम्प्युटरशी काहीच संबंध नाही असं कुणी म्हणलं तर तेही पूर्ण खरं नाही, फक्त आडतीवरच्या मर्यादेशी नाही. (आणि पासवर्ड-बिसवर्डसाठी ही कृती वापरू नका, एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या काढता येतात.)

शेठला यातलं फारसं काही पटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, नवीन रकाना कधी भरल? मी हिशोब करून सांगितला, ९२२ कोटी कोटी रुपये. "मग ठीक आहे," म्हणाले आणि चहा मागवला.

पोराचं डोकं मात्र थांबलं नव्हतं. त्याने टिपलं होतं की ३१ स्वतः २ चा ५ वा घात वजा १ आहे. म्हणजे ५ वरून ३१, ३१ वरून २१४७४८३६४७, सगळ्या मूळ. मग पुढची पायरी, २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १, तीही मूळच असणार ना सर? ती संख्या लिहायची म्हणली तर ६४ कोटी ६४ लाखांवर अंक लागतात, आज माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्येच्या पंधरापट लांब. पण फोडायला ती लिहावी लागत नाही. तीच फेऱ्याची अट इथेही लागू, भाजक हा २१४७४८३६४७ च्या दुपटीच्या पटीपेक्षा एकाने जास्त असणार. पट घ्या ६८७४५. येते २९५२५७५२६६२६०३१. पोराने दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, २ चा २१४७४८३६४७ वा घात त्या संख्येने भागत नेला, वर्ग करत करत ३१ पावलांत काम होतं, आणि बाकी आली १. म्हणजे भाग जातो, संख्या संयुक्त. आता तो ३१ च्या जागी ६१ घेऊन बसलाय. २ चा ६१ वा घात वजा १ मूळ आहे हे १८८३ पासून माहीत आहे, पण तिच्या पुढच्या पायरीचा भाजक आजवर कुणालाच सापडलेला नाही, आणि ती मूळ आहे हेही कुणी दाखवलेलं नाही. मी त्याला म्हणलंय, नीटची परीक्षा होईपर्यंत थांब.